क्लिपवाटरची भिंत

२३ सप्टेंबर २०२३, शनिवार. त्या दिवशी हॅम्बर्गमधल्या आमच्या एल्बतीर मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात चार हजार तीनशे अठरा युरो चाळीस सेंट जमा झाले. ही रक्कम आफ्रिकेत, नामिबियातल्या क्लिपवाटर नावाच्या वस्तीत, पाण्याच्या टाकीभोवती दगडी भिंत बांधण्यासाठी होती. पोस्टरवर मात्र भिंत नव्हती. पोस्टरवर हत्ती होता. पुढे जे झालं त्याचं मूळ एवढ्यातच आहे, म्हणून ते आधी सांगितलं.

भिंतीची कल्पना वासुदेव खांबेटेची. वासुदेव माझा तीस वर्षांचा मित्र. मी बी.कॉम. होऊन एका जहाज कंपनीच्या हिशेबखात्यात लागलो आणि तिच्यातर्फे इथे आलो. तो सांगलीकडे पंपांच्या कारखान्यात उमेदवारी करून शिकला आणि इथल्या एका पंप कंपनीने त्याला बोलावून घेतलं. १९९४ च्या हिवाळ्यात परदेशी लोकांच्या कचेरीत, आउसलेंडरबेहोर्डमध्ये, आम्ही एकाच रांगेत उभे होतो. माझ्याकडे प्रत्येक कागदाच्या तीन प्रती होत्या आणि त्याच्याकडे डब्यात गूळपोळ्या. तो म्हणाला, "तुझं काम होणार आणि माझं पोट भरणार." तसंच झालं. त्याला त्या दिवशी परत पाठवलं आणि तो मला अर्धी पोळी देऊन घरी गेला.

पंपाला काय झालंय ते तो ऐकून सांगायचा. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि मग बेअरिंग गेलंय की हवा धरली आहे ते सांगायचं. घरात फ्रिज गुरगुरला तरी तेच. ऊर्मिलावहिनी म्हणायच्या, "अहो, फ्रिज आहे तो. त्याला खोकला नाही झालेला."

२००९ साली कंपनीने त्याला सौरपंप बसवायला नामिबियाला पाठवलं. काम तीन आठवड्यांचं होतं. ते झालं, पण त्यानंतर दर एक-दोन वर्षांनी तो स्वतःच्या रजेत, स्वतःच्या खर्चाने तिथे जाऊ लागला. आमच्यापैकी बाकीचे रजा घेऊन पुण्याला जात. हा क्लिपवाटरला जाई. मुलगी मुक्ता लहान होती तेव्हा शाळेत सांगायची की माझे बाबा आफ्रिकेत राहतात आणि मधून मधून जर्मनीला येतात.

तिथलं त्याला काय भावलं होतं ते त्याने मला अनेकदा सांगितलं. त्या भागात वस्त्यांनी एकत्र यायचं, आपली हद्द ठरवायची, सभासद नोंदवायचे, समिती निवडायची. मग त्या हद्दीतल्या रानाची आणि जनावरांची राखण त्यांच्याकडे येते आणि पर्यटकांपासून मिळणारं उत्पन्नही त्यांनाच मिळतं. राखणदार गावातलेच. त्यातला एक गेर्सन. गेर्सनचे वडील चोरून शिकार करत. गेर्सन त्याच पायवाटांवरून गणवेश घालून फिरे. वासुदेव म्हणायचा, "मधू, तिथला हत्ती गावाचा आहे. म्हणून तो अजून आहे."

पण गावाच्या हत्तीला गावाचंच पाणी लागे. पाऊस कमी झाला की हत्ती टाकीवर येत, पाइप उपटत, झडप मोडत, आणि मग आठ-आठ दिवस बायकांना दुसऱ्या वस्तीवरून पाणी आणावं लागे. उपाय तिथल्या लोकांना ठाऊक होता. टाकी आणि पंप यांच्याभोवती गोल दगडी भिंत. पुरुषभर उंच, आणि सोंड आत पोचणार नाही इतकी लांबून. माणसाला अंग तिरकं करून शिरता येईल एवढीच फट. आणि भिंतीच्या बाहेर हत्तींसाठी वेगळा हौद, कारण तहानलेला हत्ती भिंतही पाडतो. दगड रानात होते. सिमेंट आणि मजुरी यांना पैसे हवे होते. वासुदेवने गेर्सनला शब्द दिला की २०२४ च्या उन्हाळ्याआधी, म्हणजे तिथल्या ऑक्टोबरच्या आधी, भिंत उभी राहील.

मंडळाचा अध्यक्ष होता मयुरेश; चाळिशीच्या आतला, सॉफ्टवेअरमधला, कामाला वाघ. वासुदेवने भिंतीचं सांगितल्यावर तो म्हणाला, "काका, भिंतीला कोण पैसे देणार? फोटो नाही का एखादा?" वासुदेवच्या फोनमध्ये एक सुळा मोडलेल्या भल्यामोठ्या नराचा फोटो होता. मयुरेशने तो पाहिला आणि म्हणाला, "हा तर एकदंत."

वासुदेव हसला. "गावात याला प्लंबर म्हणतात. सगळे पाइप हाच काढतो."

"पोस्टरवर प्लंबर नाही टाकता येणार, काका."

पोस्टर झालं. वर आमचा गणपती, खाली तो हत्ती, आणि मजकूर: 'एकदंताला जगवू या'. वासुदेवने ते पाहिलं, मान हलवली आणि छापायला दिलं.

गेर्सन त्या वर्षी बॉनला अशाच गावसमित्यांच्या एका बैठकीसाठी आला होता. तिथून दोन दिवस वासुदेवकडे राहिला आणि गणपतीला आला. इस्त्रीचा खाकी गणवेश, खांद्यावर समितीचं चिन्ह. शाळेच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये तो मूर्तीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग वासुदेवला विचारलं, हा किती पाणी पितो? वासुदेव म्हणाला, हा फक्त मोदक खातो. गेर्सन म्हणाला, "मग हा बरा. आमचा दोनशे लिटर पितो आणि नळ बरोबर घेऊन जातो." आजूबाजूचे सगळे हसले. त्यानंतर पेटीत खरे पैसे पडले. आधी नाणी पडत होती, मग नोटा.

आमच्याकडे मोठ्या कामाचा संकल्प गणपतीपुढे सोडायची रीत आहे. वासुदेव पाटावर बसला. मंडळाच्या वतीने त्याने तळहातावर पाणी घेतलं, आफ्रिकेतल्या हत्तींच्या रक्षणासाठी हा निधी असं म्हणून ताम्हनात सोडलं. वाक्य मयुरेशने लिहून दिलं होतं. गेर्सनने विचारलं, हे पाणी का ओतलं? वासुदेवने सांगितलं की आता यातून मागे येता येत नाही. गेर्सनला ते फार पटलं. त्याने त्या ताम्हनाचा फोटो काढून बायकोला, जोसेफिनाला, पाठवला.

मी मंडळाचा हिशेबतपासनीस होतो. म्हणजे कार्यकारिणीत, फोरश्टांडमध्ये, मला बसता येई, बोलता येई, मत देता येत नसे. त्यामुळे पुढच्या दोन्ही सभांना मी हजर होतो.

पहिली फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. खजिनदार नीता, नेटकी बाई, कुणाचं वाईट न चिंतणारी. तिने एक रास्त मुद्दा काढला. इथल्या कायद्याने देणगी ज्या कामासाठी मागितली त्याच कामाला लावावी लागते. त्याला त्स्वेकबिंडुंग म्हणतात. पोस्टरवर हत्ती जगवणं आहे, आणि भिंत तर हत्तीला पाण्यापासून लांब ठेवते. कर खात्याने विचारलं तर काय सांगायचं? वासुदेवने हौदाचं समजावलं. ते तिला पटलं, पण पुरतं नाही. शेवटी तिने सुचवलं की निम्मे पैसे आता पाठवू, उरलेले अहवाल आणि फोटो आल्यावर. इथे सगळी कामं अशीच होतात. सगळ्यांनी माना डोलावल्या.

वासुदेव म्हणाला, "नीता, हे स्वयंपाकघर नाही, आधी ओटा आणि मग कपाटं करायला. अर्धी भिंत म्हणजे सापळा. जनावर आत शिरणार आणि बाहेर यायला एकच तोंड राहणार. त्यापेक्षा भिंत नसलेली बरी."

"मग सगळे पैसे मिळेपर्यंत सुरू करू नका म्हणावं," मयुरेश म्हणाला.

वासुदेवने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाला, "बरं. अर्धे द्या."

परत येताना एस-बानच्या लोकलमध्ये त्याने मला हिशेब सांगितला. पाऊस संपला की गवंडी दुसरीकडे कामाला जातात, म्हणून एप्रिलमध्ये सुरू करायलाच हवं. अहवाल मेमध्ये, पैसे जूनमध्ये. मधल्या दोन महिन्यांत हत्ती वर डोंगराकडे असतात. हिशेब बरोबर होता.

एप्रिलमध्ये काम सुरू झालं. हत्ती येतात ती पश्चिमेची बाजू आधी घेतली. गावातल्याच माणसांनी रोजंदारीवर दगड रचले. गेर्सन आपलं राखणीचं काम सांभाळून नऊ दिवस त्यांच्यात राबला, पण मजुरी घेतली नाही. गोल पुरा होऊ दे, मग घेईन, म्हणाला. मेच्या मध्याला पैसे संपले तेव्हा बाहेरचा हौद झाला होता, पश्चिमेला पुरुषभर उंचीची अर्धगोल भिंत उभी होती आणि पूर्वेला मोकळं होतं.

त्या वर्षी तिकडे पाऊस पडलाच नव्हता. हत्ती डोंगराकडे गेले नाहीत. मेच्या शेवटी एकदंताने शेजारच्या वस्तीतला पाइप उपटला आणि पाणी भरायला आलेल्या एका बाईला ढकललं. तिचा हात दोन ठिकाणी मोडला. त्याच्याविरुद्ध अशी ही तिसरी तक्रार होती. समितीची सभा झाली, आणि सगळं गाव झाडाखाली दोन दिवस बसलं. शेवटी त्यांनी सरकारकडे अर्ज केला, सरकारने परवानगी दिली, आणि जूनमध्ये त्या हत्तीला मारलं. मांस घराघरांत वाटलं. दुष्काळच होता.

वासुदेवच्या अहवालात भिंतीचे फोटो होते आणि शेवटी आणखी एक होता: आडवा पडलेला हत्ती, मोडका सुळा वर, आणि बाजूला गणवेशातला गेर्सन. तो फोटो घालू नकोस असं मी त्याला म्हटलं होतं. तो म्हणाला, "ज्यांनी पैसे दिले त्यांना कळायला नको? गावाने लपवलं नाही, मी कशाला लपवू?"

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय झालं असेल ते वाचकांना सांगायला नको. संकल्पाचं पाणी कुठे गेलं, असं एकाने विचारलं. गणपतीपुढे पैसे घेतले आणि गणपतीच मारला, असं दुसऱ्याने लिहिलं. मुक्ता, जी आता ब्रेमेनला हॉस्पिटलमध्ये नोकरी करते, ते सगळं वाचून बापाला एवढंच म्हणाली, "पापा, लास एस." म्हणजे सोडून द्या. घरात मराठीत विचारलं तरी ती जर्मनमध्येच उत्तर देते.

जूनच्या शेवटी तातडीची सभा झाली. कुणी आरडाओरडा केला नाही. मयुरेश खरोखरच दुखावला होता. तो म्हणाला, "काका, आमच्या छोट्या अन्वीने त्याचं चित्र काढून फ्रिजवर लावलंय. तिला मी काय सांगू?"

वासुदेव म्हणाला, "तिला सांग, सगळं गाव दोन दिवस बसलं. गेर्सन त्या हत्तीला अकरा वर्षं ओळखत होता. सगळ्यांत शेवटी त्याने हात वर केला, आणि घरी जाऊन जेवला नाही. त्यांचा हत्ती होता, मयुरेश. त्यांनी दोन दिवस घेतले. आपण संध्याकाळी सातच्या आत ठरवतोय."

"गावाचा होता ना, मग भिंतही गावानेच बांधावी," कुणीतरी म्हणालं. चार विरुद्ध एक मतांनी दुसरा हप्ता थांबवला. सप्टेंबरमध्ये सर्व सभासदांच्या सभेत फेरविचार करायचं ठरलं.

इथे ऊर्मिलावहिनींचं एक वाक्य नोंदवायला हवं. त्याच रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "अहो, आपण भरू या ना. आपल्याला जड नाही." आणि खरंच जड नव्हतं. पण वासुदेवने मान हलवली. उदक मंडळाने सोडलंय, तो म्हणाला. मी भरले तर ती माझी भिंत होईल. मंडळाची व्हायला हवी, त्यांना कळायला हवं की हत्ती मेला तरी संकल्प संपत नाही. सप्टेंबरमध्ये मी त्यांना समजावीन. गेर्सनलाही त्याने फोनवर हेच सांगितलं. गेर्सन म्हणाला, थांबू. तुम्ही पाणी ओतलं होतं ते मी पाहिलंय.

सप्टेंबरची सभा हॉल मिळाला नाही म्हणून नोव्हेंबरवर गेली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, दिवाळीच्या तोंडावर, मी वासुदेवकडे गेलो होतो. वहिनी चकल्या तळत होत्या. बाहेर नेहमीची हॅम्बर्गची रिपरिप चालू होती. वासुदेवच्या फोनवर जोसेफिनाचा आवाजातला निरोप आला. त्याने तो उभ्याउभ्या ऐकला, मग फोन कानाला तसाच धरून, डोळे मिटून, पुन्हा ऐकला. मग वहिनींना म्हणाला, "गॅस बंद कर."

गेर्सन पहाटे हौदाची झडप उघडायला टाकीकडे गेला होता. हौदात पाणी सोडलं की हत्ती टाकीकडे वळत नाहीत, म्हणून तो रोज जाई. त्या दिवशी एक हत्तीण पिल्लाला घेऊन आधीच आत आली होती. ती टाकीच्या मागे होती, त्यामुळे त्याला दिसली नाही. तिच्या तिन्ही बाजूंना भिंत होती आणि चौथ्या बाजूला, बाहेर जायच्या एकमेव वाटेवर, गेर्सन उभा होता.

त्या हत्तिणीला गावाने काही केलं नाही. समितीने म्हटलं की तिने जे केलं ते कुठलीही आई करील.

वासुदेवने नोव्हेंबरच्या सभेची वाट पाहिली नाही. सगळी रजा काढली आणि निघाला. मुक्ताने कुणी न सांगता स्वतःचं तिकीट काढलं. तिथे काय झालं ते मला तिच्याकडून कळलं, जर्मनमध्ये. पहिल्या दिवशी वासुदेव भिंतीच्या मोकळ्या तोंडाशी जाऊन बसला आणि दुपारपर्यंत उठला नाही. दुसऱ्या दिवसापासून दगड उचलू लागला. त्याचं वय बासष्ट, आणि ऊन चाळिशीच्या वर. गावातल्या माणसांनी त्याला दोनदा घरी पाठवलं, तो दोनदा परत आला. संध्याकाळी तो एक लांब काठी घेऊन भिंतीवरून टाकीकडे आत धरायचा, सोंड पोचेल का ते बघायला. पोचत नव्हती. ते एकदा मापलं होतं, तरी रोज मापायचा. तीन आठवड्यांत गोल पुरा झाला. पैसे सगळे त्याचे.

"पापा रडले नाहीत," मुक्ता म्हणाली. "पंपाला कान लावून बसायचे. पंप व्यवस्थित होता."

निघायच्या आदल्या दिवशी वासुदेव जोसेफिनाकडे गेला. गेर्सनची नऊ दिवसांची मजुरी द्यायची राहिली होती, आणि गोल आता पुरा झाला होता. त्याने पाकीट पुढे केलं. जोसेफिनाने ते घेतलं नाही. तिने फोनमधला तो ताम्हनाचा फोटो काढून त्याच्यापुढे धरला. मुक्ता तिथेच होती. जोसेफिनाचं बोलणं तिने मला शब्दशः सांगितलं.

"तू आमचं काही लागत नाहीस. तू भिंत बांधलीस, तुझं झालं. ज्यांनी हे पाणी ओतलं आणि मग थांबले, त्यांच्याकडून येऊ दे."

वासुदेव म्हणाला, पाणी मीच ओतलं होतं. ती म्हणाली, तू त्यांच्यासाठी ओतलंस, असं गेर्सनने मला सांगितलं होतं.

तो परत आला तो वेगळाच माणूस होऊन. फेब्रुवारीत निवृत्त झाला. निरोपाच्या समारंभाला कंपनीत कॉफी पिऊन अर्ध्या तासात घरी आला. मंडळात त्याने पुन्हा पाऊल टाकलं नाही. आपल्यावर राग आहे का, असं विचारायला मयुरेश एकदा अन्वीला घेऊन त्याच्याकडे गेला होता. वासुदेवने अन्वीला चॉकलेट दिलं, हत्ती दिवसाला किती खातो ते सांगितलं, आणि मयुरेशला म्हणाला, "तुझ्यावर नाही रे. मी जूनमध्येच पैसे भरायला हवे होते. हट्ट माझा होता." मयुरेश जिन्यात बराच वेळ बसून होता, असं अन्वीने आईला सांगितलं.

या वर्षीच्या गणपतीत मी वासुदेवला न्यायला त्याच्या घरी, हार्बुर्गला गेलो. त्याने घरच्याच मूर्तीची पूजा केली होती. चल म्हटलं तर म्हणाला, "तू जा. मला तिथे पाट दिसेल." मग आम्ही एल्ब नदीवरच्या फेरीबोटीत बसून पलीकडे जाऊन आलो. इंजिनच्या खोलीतून घरघर येत होती. पूर्वी त्याने लगेच सांगितलं असतं त्याला काय झालंय ते. मी विचारलंही. तो म्हणाला, "ऐकलं नाही मी."

क्लिपवाटरची भिंत उभी आहे. या उन्हाळ्यात तिथे एकही पाइप उपटला गेला नाही. तीच हत्तीण आता पिल्लाला घेऊन बाहेरच्या हौदावर पाणी पिते, असं जोसेफिनाने ऊर्मिलावहिनींना कळवलं. गेर्सनच्या जागी राखणदार म्हणून समितीने जोसेफिनाला नेमलं आहे.

दुसऱ्या हप्त्याची रक्कम मंडळाच्या खात्यात तशीच आहे. भिंत दुसऱ्याच्या पैशाने पुरी झाल्यामुळे ती आता कुठल्या कामाला लावायची, आणि वारलेल्या माणसाची मजुरी सहीशिवाय देता येते का, हे दोन विषय कार्यकारिणीच्या पुढच्या सभेवर ढकलले आहेत. यापूर्वी ते दोनदा पुढे गेले. मी दोन्ही वेळा बोललो. मत मला नाही.

गेर्सनच्या नऊ दिवसांच्या मजुरीचे चाळीस युरो पन्नास सेंट मंडळाकडून अजून देणे आहेत.